गोचे जेनेरिक्स, काही महिन्यांच्या वापरानंतर: ‘कम्पेअरेबल’वर विसंबू नका

टाइप पॅरामीटर म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. गो या प्रोग्रामिंग भाषेत जेनेरिक्स (एकच कोड डेटाच्या अनेक प्रकारांना, म्हणजे टाइपना, चालवायची सोय) मार्च २०२२ ला १.१८ आवृत्तीत आले, एव्हाना सगळ्यांनी वापरलेत. मी लिहितोय कारण महापेच्या ऑफिसात आमची पावत्यांची सर्व्हिस ऐन रात्री आडवी झाली. घणसोलीहून ठाण्याची गाडी चुकली, रिक्षाला अव्वाच्या सव्वा मोजले. तो खर्च मी गोच्याच खात्यात मांडतो.

दुबार नोंदी गाळणारं साधं फंक्शन, नोंद ओळखायच्या कीवर कन्स्ट्रेंट (कोणता टाइप चालेल याची अट) कम्पेअरेबल, म्हणजे == ने तुलना होईल तोच टाइप घ्या. कंपाइल झालं, टेस्ट हिरव्या. मग एका व्हेंडरने जेसन फॉरमॅटमध्ये पाठवलेल्या डेटात पावती क्रमांकाच्या जागी क्रमांकांची यादी आली आणि लॉगमध्ये ‘हॅश ऑफ अनहॅशेबल टाइप’. पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच कोसळला! कीचा टाइप एनी (काहीही चालेल असा) होता, आत निघाली स्लाइस, म्हणजे यादी, जिची == ने तुलना होत नाही. एनी असं कुणी लिहिलंही नव्हतं, कंपायलरने आर्ग्युमेंटवरून आपणच ताडलं.

मग कन्स्ट्रेंट कशाला लावला? सोसायटीच्या गेटवर वॉचमन बसवायचा आणि त्याने म्हणायचं, कोण आहे ते वर गेल्यावर बघा! १.१९ पर्यंत कंपायलर इथे एनीला अडवायचा. फेब्रुवारी २०२३ च्या १.२० पासून सोडतो. पुढे == जमलं तर जमलं, नाहीतर रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, पॅनिक.

इथे बरंच जहाल लिहिलं होतं, ते खोडलं. कारण एनी की असलेला साधा मॅप (कीवरून व्हॅल्यू शोधायचा तक्ता) पहिल्यापासून असाच वागतो. तिथे चालायचं ते जेनेरिकमध्ये अडायचं, ही विसंगती काढायला नियम सैल केलाय. पटलं. राग मात्र आहे तसाच.

उपाय स्वस्तातला: कम्पेअरेबल काढून ~स्ट्रिंग | ~इंट६४ लिहिलं, म्हणजे मजकूर किंवा पूर्णांक, आणि ~ मुळे त्यांच्यावर बेतलेले टाइपही. आता एनी दिला की बिल्डच होत नाही. आणि तो ~ मला जाम आवडलाय. आमचा पावतीक्रमांक हा स्ट्रिंगवर बेतलेला वेगळा टाइप. ~ नसता तर तोही बाहेर राहिला असता आणि दर कॉलला कन्व्हर्जन करत बसलो असतो. कीला खरा टाइप मिळाल्यामुळे यादी आली तर आता डिकोड करतानाच एरर येतो, तो निमूट हाताळता येतो.

लहान-मोठं ठरवायच्या तुलनेसाठीचा ऑर्डर्ड हा कन्स्ट्रेंट १.२१ पासून स्टँडर्ड लायब्ररीतच आहे, त्याच्यासाठी बाहेरचं पॅकेज ओढू नका. स्ट्रक्टचं (अनेक फील्ड एकत्र बांधलेल्या टाइपचं) फील्ड मात्र कन्स्ट्रेंटमधून मागता येत नाही, त्यापायी गेटर, म्हणजे फील्ड वाचून देणाऱ्या मेथड, खरडतोय.