बजेट होम थिएटर: दसऱ्याला घेतलं, आता पावसाळा आलाय

आधी बजेट सांगते, म्हणजे ज्यांना लाखाच्या वरचं वाचायचंय ते इथूनच पुढे जातील. टीव्ही आणि आवाज दोन्ही मिळून पन्नास हजारात बसवायचं होतं. हॉल दहा बाय चौदा, भिंतीतून स्पीकरचं पाइपिंग केलेलं नाही, घरात सासरे आहेत ज्यांना वयामुळे बारीक आवाज नीट येत नाही आणि खालच्या मजल्यावर एक काकू आहेत ज्यांना सगळं ऐकू येतं. मॉडेलचं नाव लिहीत नाहीये कारण या रेंजमधली मॉडेलं दर वर्षी बदलतात, नाव वाचून तुम्ही जाल आणि दुकानदार दुसरंच काहीतरी गळ्यात मारेल, त्यापेक्षा काय बघून घ्यायचं ते कामाचं.

तर घेतलं काय, ४३ इंची ४के टीव्ही, आणि पंधरा हजाराच्या आसपासचा ५.१ साउंडबार (५ म्हणजे पाच स्पीकर, .१ म्हणजे वूफर), ज्यात पुढे बार (डावा, मधला, उजवा त्यातच), एक वूफर म्हणजे जाड आवाजाचा डबा आणि मागे ठेवायला खरोखरचे दोन वेगळे स्पीकर येतात, वायरवाले. वर एक स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे टीव्हीला लावून नेटफ्लिक्स वगैरे बघायची कांडी. टीव्हीसाठी दसऱ्यापर्यंत थांबलो ते बरं झालं, २२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापनेच्या दिवशीच ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला होता. ५५ इंचाचा मोह सगळ्यांना होतो पण सोफा टीव्हीपासून किती लांब आहे ते आधी टेपने मोजा. साधा हिशोब असा की स्क्रीनचे इंच गुणिले १.६, तेवढ्या इंचांवर बसलं की थिएटरसारखं डोळ्यात भरतं. ४३ ला ते पावणेसहा फूट येतं, ५५ ला सव्वासात. आमचा सोफा सात फुटांवर आहे म्हणजे हिशोबाने ५५ च बसत होता, पण मग आवाजाला पैसे उरत नव्हते आणि घरी खरी तक्रार आवाजाचीच होती. आजचे टीव्ही इतके पातळ की स्पीकर मागे नाहीतर खाली तोंड करून बसवलेले, आवाज भिंतीला ऐकू जातो, माणसांना नाही.

दुकानातला मुलगा एकच धरून बसला होता, मॅडम हा चारशे वॉट, हा सहाशे, हा हजार. वॉटच्या नादाला लागू नका. वॉट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. दहा बाय चौदाच्या खोलीत तुम्ही कुठलाही बार अर्ध्याच्या वर नेणार नाही. त्यापेक्षा विचारा सेंटर चॅनल वेगळा आहे का. ५.१ मधले डायलॉग जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येतात, २.१ बारमध्ये तो मधला नसतोच, मग डायलॉग डाव्या-उजव्यात मिसळतात आणि पार्श्वसंगीतात बुडून जातात. आमच्या अण्णांना म्हणजे सासऱ्यांना आधी प्रत्येक सीनला "काय म्हणाला तो?" विचारावं लागायचं, आता तसं फार होत नाही, क्वचित होतं. बारच्या रिमोटवर व्हॉइस मोड आहे तो त्यांच्या वेळेला लावून ठेवतो, आणि रात्री नाइट मोड, त्याने मोठे धमाके दबतात आणि पुटपुटणं वर येतं. हे दोन बटणं मला स्पेसिफिकेशनमधल्या बाकी सगळ्या ओळींपेक्षा जास्त महत्त्वाची वाटली.

नवऱ्याचं मात्र एटमॉस एटमॉस चाललं होतं, म्हणजे डॉल्बीचा तो प्रकार ज्यात आवाज डोक्यावरूनही येतो. या बजेटमधल्या बऱ्याच बारवर एटमॉसचा लोगो असतो पण वरच्या दिशेने आवाज फेकणारा स्पीकर नसतो, सगळं सॉफ्टवेअरने भासवलेलं. आणि वरच्या दिशेचा स्पीकर असलेला घेतला तरी डॉल्बीचंच म्हणणं आहे की छत सपाट हवं, साडेसात ते बारा फूट उंचीचं आणि आवाज परतवणारं. आमच्याकडे पीओपीच्या पायऱ्या पायऱ्या, मधे पंखा, कडेने एलइडी पट्टी. तो आवाज कुठे जाऊन आपटेल देव जाणे. त्याच पैशात मागचे दोन खरे स्पीकर मिळत होते, मी ते घेतले, आणि माझ्या मते या किमतीत तेच बरोबर आहे. पाऊस, गाडी मागून येणं, स्टेडियममधला आरडाओरडा, हे पाठीमागून आलं की पुढच्या बारमधून भासवलेला इफेक्ट किती नकली होता ते कळतं. आयपीएलच्या मॅचला तर घरातल्यांचं तोंड आपोआप मागे वळायचं.

मागच्या स्पीकरच्या वायरी हा मात्र खरा वैताग आहे, आणि जाहिरातीत त्या वायरी कधीच दिसत नाहीत. आमच्या बारमध्ये अॅम्प्लिफायर वूफरच्या डब्यात आहे, म्हणजे बारची वायर वूफरला आणि मागच्या दोघांच्याही वूफरलाच. वूफर कुठे ठेवता त्यावर वायर पुरते की नाही ठरतं. दरवाजाच्या चौकटीवरून फिरवली की बॉक्समधली वायर संपते, जोड मारावा लागतो. इलेक्ट्रिशियन दादांना बोलावून पीव्हीसीची पट्टी स्कर्टिंगच्या वरून मारून घेतली, भिंतीच्याच रंगाची, आता फार दिसत नाही. स्पीकर बसल्यावर कानाच्या थोडे वर आणि सोफ्याच्या बाजूला किंचित मागे हवेत, सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर ते दोघं डोक्याच्या मागे जाऊच शकत नाहीत, मग बाजूच्या भिंतींवर लावा, चालतं. भाड्याच्या घरात असाल आणि ड्रिल मारायला मालक देत नसेल तर मागच्या स्पीकरचा नाद सोडून ३.१ घ्या.

वूफरबद्दल. कोपऱ्यात ठेवला की बास वाढतो हे खरं, पण आमच्या कोपऱ्यात तो इतका वाढला की डायलॉगच्या मधे नुसतं घूं घूं, आणि दुसऱ्याच दिवशी खालच्या काकू लिफ्टपाशी भेटल्या, म्हणाल्या "रात्री काही सरकवत होतात का गं?" कोपऱ्यातून काढून टीव्ही युनिटच्या शेजारी आणला, खाली जाड रबरी मॅट, लेव्हल निम्मी. फरशीतून जाणारी धडधड मॅटने कमी होते, हवेतून जाणारा बास मॅटने थांबत नाही, तो कमी करायचा तर लेव्हलच खाली आणावी लागते. आणि हॉलमध्ये नुसत्या टाइल्स आणि काचेची सरकती दारं असतील तर कितीही महागडं आणा, आवाज घुमणारच. आम्ही जाड पडदे आणि समोर एक मोठी सतरंजी टाकली, मला तरी त्याने जो फरक पडला तो बारच्या कुठल्याही मोडने पडला नाही.

आता जोडणी, इथे बहुतेक लोक पैसे देऊनही अर्धंच ऐकतात. टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय असतात पण बारसाठी एकच चालतो, ज्याच्यावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय तो, कारण टीव्हीचा आवाज उलट बारकडे त्यातूनच जातो. बार तिथे लावला तरी काम संपत नाही, टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम असेल तर एआरसीवरून फक्त दोन चॅनल जातात, म्हणजे मागचे स्पीकर एकतर गप्प नाहीतर बार स्वतःच्या मनाने काहीतरी वाजवतो. ते ऑटो, बिटस्ट्रीम किंवा डॉल्बी डिजिटल असं करायचं, नाव प्रत्येक टीव्हीत वेगळं. माझ्या ओळखीत दोन घरांत ५.१ सेट लागलेला आहे आणि पीसीएमवर स्टिरिओ ऐकतायत, आणि वर म्हणतायत की काही खास नाही हो. ऑप्टिकल वायरनेही डॉल्बी डिजिटल ५.१ येतं पण टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होत नाही, दोन रिमोट सांभाळायचे. ब्लूटूथने टीव्ही जोडू नका, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. एका रिमोटवर सगळं चालायला टीव्हीत सीइसी चालू करावं लागतं, सॅमसंगमध्ये त्याचं नाव एनीनेट प्लस, एलजीत सिमलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, शोधत बसू नका म्हणून लिहिलं.

सगळं नीट लावून पण मराठी बघताना मागचे स्पीकर फारसे काही करत नाहीत, हे आधीच सांगते. आमच्या घरी जे लागतं, मालिका, जुने सिनेमे, यूट्यूबवरच्या मुलाखती, ते जवळजवळ सगळं स्टिरिओ. नेटफ्लिक्सवर ऑडिओ निवडताना भाषेपुढे ५.१ लिहिलेलं असतं तेवढं बघायचं, कधी मूळ भाषा ५.१ असते आणि डबिंग साधं. स्टिरिओला बार ओढूनताणून पाचही स्पीकरमध्ये पसरवतो तो मोड मी बंदच केला, बातम्या देणारी बाई पाठीमागून बोलायला लागते.

स्टिक का घेतली, टीव्हीतच अॅप्स आहेत ना, असं खूप जणांनी विचारलं. टीव्हीचं स्वतःचं सॉफ्टवेअर नवीन असताना पळत होतं, होळीपर्यंत मेनू उघडायला वेळ घ्यायला लागलं, मेमरी कमी असते या किमतीच्या टीव्हीत. स्टिक दोन वर्षांनी बदलता येते, टीव्ही नाही. फक्त एक, बाजारात अडीच-तीन हजाराला बिननावाचे अँड्रॉइड डबे मिळतात, ८के लिहिलेले, त्यांच्या वाटेला जाऊ नका. वाइडवाइन एल१ (चोरी रोखायची यंत्रणा, तिची वरची पातळी) नसेल तर नेटफ्लिक्स-प्राइमसारखी अॅप्स ४८०पीच्या वर जातच नाहीत, ४के टीव्हीवर धुरकट चित्र बघत बसाल. आणि नेटफ्लिक्सचं ४के प्रीमियम प्लॅनमध्येच आहे, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्याला १५ एमबीपीएस पुरतात, म्हणजे नेट शंभरचं असेल तर नेटला शिव्या देऊ नका, राउटर बेडरूममध्ये आहे आणि स्टिक वायफायच्या हळू २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर अडकलीय का ते बघा. आमच्याकडे तेच होतं, ५ वर टाकली आणि गोल फिरणं थांबलं.

घरचं जुनं सामान वाजवणं हा माझा आवडता भाग, यावर कोणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर. अण्णांकडे नाटकांच्या व्हीसीडींचा ट्रंक भरलाय. त्या कॉम्प्युटरवर कॉपी केल्या की आत .डॅट नावाच्या फाइल निघतात, टीव्हीचा यूएसबी त्या ओळखतच नाही, व्हीएलसी नावाचं प्लेयर अॅप ओळखतं, आणि ते स्टिकवरही फुकट मिळतं. पण व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ बाय २८८, ४३ इंचावर ते धूसरच दिसणार, टीव्हीचं शार्पनेस वाढवलं तर कडा फुटतात, उलट कमी करा. आमच्या लग्नाची हँडीकॅमची कॅसेट डिजिटल करून आणली होती, त्यात कोणी हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा, तिथे व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस ऑन केलं की जातात. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसत नाही, एक्सफॅट करून घ्या, टीव्ही वाचतो का ते तपासून. आणि चित्र येतंय पण आवाज नाही असं झालं तर बहुतेक फाइलमध्ये डीटीएस ऑडिओ (डॉल्बीसारखाच दुसऱ्या कंपनीचा प्रकार) आहे आणि टीव्हीला त्याचं लायसन्स नाही, टीव्ही बिघडलेला नाही. आता हे सगळं एका जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन (आपल्या फाइलींची घरातली लायब्ररी करणारं सॉफ्टवेअर) टाकून ठेवलंय, फुकट आहे, पोस्टर वगैरे लावून अण्णा रिमोटने नाटक निवडतात आणि दुपारचे तीन तास शांत.

चित्राचं एकच, मोशन स्मूदिंग किंवा तसल्या नावाचं जे काही असेल ते बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. मॅचला चालू ठेवलं तर हरकत नाही.

त्रास काय झाला? मे महिन्यात वळवाच्या पावसात लाइट जा-ये करते, प्रत्येक वेळी टीव्ही परत चालू झाला की आवाज बारवरून टीव्हीच्या स्पीकरवर जाऊन बसतो. अण्णा म्हणतात बिघडला. एका कागदावर कुठल्या मेनूत जायचं ते मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीमागे चिकटवलंय. स्पाइक गार्ड पहिल्या दिवसापासून आहे. मागचा एक स्पीकर मधे खरखरायला लागला होता, वायरचा जोड सैल होता, परत घट्ट केला. बारवर आवाजाचा आकडा दिसत नाही, नुसते दिवे लुकलुकतात, याची मला अजून चीड येते.

३.१ की ५.१ हे अजून ठरत नसेल तर आठवडाभर घरात काय लागतं ते बघा. मालिका, बातम्या, यूट्यूब जास्त असेल तर वेगळ्या सेंटरचा ३.१ घ्या, उरलेले पैसे पडद्यांना घाला. सिनेमे आणि मॅच जास्त, ड्रिल मारायची मोकळीक आणि वायर ओढायची तयारी असेल तरच मागच्या स्पीकरवाला. आणि दुकानात ऐकायला जाताना स्वतःचा पेनड्राइव्ह न्या, ज्यात साधं दोन माणसांचं बोलणं आहे असा सीन, कारण त्यांच्या डेमोत फक्त हेलिकॉप्टर आणि काचा फुटतात.