दुकानातून मिळणारं मराठी इन्स्टॉल-पत्रक: कीबोर्डचं पान उत्तम, लिबरऑफिसचं अपुरं

बेळगावच्या खडेबाजार भागात एका दुकानात संगणक घेतला की सोबत चार पानांचं पत्रक मिळतं. विंडोजवर मराठी कीबोर्ड आणि लिबरऑफिस (पत्रं, हिशेब लिहायचं फुकट सॉफ्टवेअर) कसं घालायचं, ते त्यात आहे. मराठी किंवा कन्नड, हवी ती प्रत मागायची. खानापूरचा किराणा दुकानदार असो की निपाणीच्या पतसंस्थेतला कारकून, पत्रक सगळ्यांना एकच.

कीबोर्डचं पान मन लावून लिहिलंय. प्रत्येक पायरीखाली 'आता पडद्यावर हे दिसेल' अशी ओळ आहे. नवख्याला त्यानं धीर येतो आणि जाणता चार पायऱ्या सोडून नेमक्या जागी पोचतो. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, मग विंडोज 10 वर 'लँग्वेज' आणि 11 वर 'लँग्वेज अँड रीजन', हा फरकही नोंदवलाय. इंग्रजी, कन्नड आणि मराठी असे तीन कीबोर्ड असतील तर विंडोजची कळ धरून स्पेसबार एकेकदा दाबायचा, हेही आहे. आपल्याकडं ते लागतंच.

उणीव एकच, पण मोठी. मराठी जोडल्यावर येतो तो इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरलेल्या कळांच्या मांडणीचा कीबोर्ड: के दाबलं की क, पण एल दाबलं की त. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्याला वाटतं, कीबोर्डच बिघडला. त्यानं मराठीच्या 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'मराठी फोनेटिक' जोडावा. विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीपासून तो आहे. इनस्क्रिप्टच वापरायचा तर शिफ्ट-एननं ळ आणि शिफ्ट-जेनं ऱ येतो, एवढं तरी छापायला हवं होतं.

लिबरऑफिसच्या पानावर मात्र 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' एवढंच. नेमकं इथंच लोक अडतात. फाइल साधारण 350 एमबीची. खेड्यात मोबाइलच्या नेटवर ती अर्धीच उतरली तर 'इन्स्टॉलेशन पॅकेज उघडता आलं नाही' अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते. आधी फाइलचा आकार बघा, कमी असेल तर पुन्हा उतरवा. लॅपटॉप एस मोडमध्ये, म्हणजे फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अ‍ॅप्स चालू देणाऱ्या विंडोजवर असेल तर ही फाइल चालतच नाही. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण परत आत जाता येत नाही, हे पत्रकानं आधीच सांगायला हवं. परवानगी विचारणाऱ्या चौकटीत प्रकाशक म्हणून 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' दिसलं तरच 'येस' म्हणा.

मेनू मराठीत हवे असतील तर 'टिपिकल' न घेता 'कस्टम' घ्या आणि 'यूझर इंटरफेस लँग्वेजेस'मध्ये मराठी चालू आहे ना ते बघा. राहून गेलं तर सगळं काढून टाकू नका. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रॅमांच्या यादीत लिबरऑफिस निवडून 'चेंज' आणि मग 'मॉडिफाय' केलं की पुरतं.

जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच ओळखणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या पत्रांबद्दल पत्रकात अक्षरही नाही. सोसायट्यांची वर्षानुवर्षांची इतिवृत्तं अशा फॉन्टांत आहेत आणि नव्या संगणकावर ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. मराठी कीबोर्ड घालून ती सुधारत नाहीत, तोच फॉन्ट लागतो. जुनं मशीन भंगारात देण्याआधी त्यातल्या फॉन्ट्स फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर काढा, ही सूचना पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत हवी.