गेटवरचा कॅमेरा, नऊ महिने वापरल्यावर: आधी त्याचं घड्याळ बघा

जुलैमध्ये एका रात्री आमच्या गेटजवळचं पाण्याचं पितळी मीटर चोरीला गेलं. शेजारच्या काकूंचंही गेलं. सकाळी नळ आले तेव्हा पाणी सरळ रस्त्यावर वाहत होतं, त्यावरून बाबांना कळलं. मला मात्र धीर होता, कारण फेब्रुवारीपासून गेटवर कॅमेरा आहे. अ‍ॅप उघडलं, तारीख निवडली. रात्री सव्वा वाजेपर्यंत रेकॉर्डिंग दिसत होतं, त्यानंतर पट्टी कोरी. सव्वाला लाइन, म्हणजे वीज, गेली होती आणि १:५० ला परत आली होती. म्हणजे लाइन आल्यावर कॅमेऱ्याने काहीच टिपलं नाही असाच अर्थ निघत होता. मी गेटशी उभी राहून रडायच्या बेतात होते.

पण त्याने टिपलं होतं. कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं तर आत एक फोल्डर निघालं, तारीख १ जानेवारी १९७०. त्यात सगळी रात्र होती. ९:१२ अशी वेळ पडलेल्या क्लिपमध्ये गडद अंधार, आणि एक माणूस खाली बसून पान्याने मीटर सोडवतोय. या कॅमेऱ्यात घड्याळ चालू ठेवणारा सेल नाही. लाइन गेली की वेळ पुसली जाते आणि परत आली की घड्याळ १९७० पासून सुरू होतं. अ‍ॅपचं कॅलेंडर तेवढं मागे जातच नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग असूनही दिसत नाही.

याहून वाईट गोष्ट नंतर लक्षात आली. कार्ड भरलं की कॅमेरा सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग आधी पुसतो. १९७० ची तारीख पडलेलं कालचं रेकॉर्डिंग त्याच्या हिशेबात सगळ्यात जुनं, म्हणून तेच आधी जातं. मी दोन दिवस उशीर केला असता तर हाती काही लागलं नसतं.

आता सुरुवातीपासून सांगते. मी नागपुरात मानेवाड्याला राहते, नोकरी हिंगण्याच्या एमआयडीसीत. बाबा ७६ वर्षांचे, दिवसभर घरी एकटे. कॅमेरा चोरासाठी कमी आणि बाबांसाठी जास्त घेतला. चार मेगापिक्सेलचा, बुलेट, कार्ड आणि एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा वेगळा डबा) दोन्हींवर चालणारा. बाकी सगळं डब्यावर लिहिलेलं असतंच. चित्राबद्दल माझी एकही तक्रार नाही. रात्रीसुद्धा समोरच्या गाडीचा नंबर वाचता येतो.

बसवणाऱ्या मुलाने सहाशे रुपये घेतले आणि सेटिंग होतं तसंच सोडून गेला: एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची जुनी पद्धत), चार एमबीपीएस (सेकंदाला चार मेगाबिट), चोवीस तास. याचा हिशेब कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. एक एमबीपीएस म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. चार म्हणजे ४३ जीबी. त्याने दिलेलं ६४ जीबीचं कार्ड दीड दिवसही पुरत नव्हतं. मी एच.२६५ ही नवी पद्धत लावली, दोन एमबीपीएस, सेकंदाला १५ फ्रेम. चित्रात फरक कळला नाही आणि १२८ जीबीच्या कार्डावर साडेपाच दिवस बसू लागले. क्लाउडचे दरमहा पैसे मागत होते, ते मी घेतलं नाही. माझ्याच घराचं रेकॉर्डिंग बघायला दर महिन्याला पैसे देणं मला पटत नाही.

ऑफिसमधून घर बघता यावं यासाठी मात्र दोन रविवार गेले. त्या मुलाने राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती थेट कॅमेऱ्याकडे वळवणारं सेटिंग) करून दिलं आणि म्हणाला, "ताई, आता कुठूनही दिसते." कुठूनच दिसत नव्हतं. शेवटी मीच राउटरचं पान उघडलं. बाहेरच्या जोडणीचा इंटरनेट पत्ता (आयपी) १०० ने सुरू होत होता, आणि नेटवर आपला पत्ता दाखवणाऱ्या पानावर वेगळाच आकडा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवला गेला, म्हणजे अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवता येतं. अशा जोडणीत तुम्ही राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून येणारी विनंती तुमच्या घरापर्यंत पोचतच नाही. पोर्ट फॉरवर्डिंगवर वेळ घालवण्याआधी हे दोन आकडे जुळतात का ते बघा. माझं अख्खं डोकं त्यात फिरलं.

तेव्हा मला इंटरनेटवाल्यांचा फार राग आला होता, कारण स्थिर पत्त्याचे ते वेगळे पैसे मागत होते. आता माझं मत बदललं आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने फॅक्टरीचाच पासवर्ड ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. आपल्या अंगणाकडे बघणारा कॅमेरा असा सगळ्या जगासमोर उघडा नाही, हे चांगलंच आहे. मी पोर्ट बंद करून टाकले, पासवर्ड बदलला आणि कंपनीच्या पीटूपी आयडीवरून (पोर्ट न उघडता अ‍ॅपला कॅमेऱ्याशी जोडणारा क्रमांक) बघते. मोबाइल डेटावर बघताना सब-स्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाचं हलकं चित्र, ठेवा. मुख्य स्ट्रीम तासाला ९०० एमबी खाते, सब-स्ट्रीम सव्वादोनशे.

मे महिन्यात कार्ड गेलं. आमची भिंत पश्चिमेची, दुपारी दोनपासून ऊन थेट कॅमेऱ्यावर. हवा ४५ ची असते तेव्हा त्या पांढऱ्या खोळीला हात लावून धरवत नाही. लाइव्ह व्यवस्थित दिसत होतं, लाल ठिपकाही होता, पण रेकॉर्डिंग अकरा दिवसांपूर्वी थांबलं होतं आणि अ‍ॅपने एका शब्दाने सांगितलं नाही. नवं कार्ड सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं घेतलं आणि अंगणावर आपण उन्हाळ्यात बांधतो तीच हिरवी नेट कॅमेऱ्यावर पुढे ओढली. वाऱ्याने नेटची कड हलली की 'हालचाल आढळली' असा निरोप यायचा, एका दुपारी दोनशेच्या वर आले. नेटची कड तारेने आवळली आणि हालचालीचा चौकोन फक्त गेटपुरता केला, तेव्हा थांबलं. दर आठवड्याला काचेसमोरचं कोळ्याचं जाळं झाडूने काढावं लागतं, नाहीतर रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात तेच पांढरं चमकतं.

हे सगळं मी सहन केलं. घड्याळाचं मात्र मला सहन होत नाही.

मीटर गेलं त्या सकाळी ७:२० ला मी लाइव्ह चित्र आणि बाबांचं मनगटी घड्याळ यांचा एकत्र फोटो काढून ठेवला. चित्रावर १३:३० अशी वेळ होती. त्यावरून फरक निघाला आणि ९:१२ ची क्लिप खरी ३:०२ ची ठरली. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, फोटो ठेवून घेतला, पेनड्राइव्ह आणि डिजिटल पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र मागितलं. १ जुलै २०२४ पासून हे प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावं लागतं, त्याआधी जुन्या कायद्याचं ६५ ब होतं. ते सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं ते आपल्या जालन्याच्याच निवडणुकीच्या खटल्यात. तिथेही वाद होता तो उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, आणि पुरावा होता कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. वेळ चुकीची असेल तर रेकॉर्डिंगची किंमत किती उरते, ते यावरून कळावं.

आणखी एक गोष्ट मी शोधून काढली. घड्याळ शून्यापासून सुरू झालं तर भारतात ते ५:३० ला सुरू व्हायला हवं, कारण अशा घड्याळाचं शून्य म्हणजे १ जानेवारी १९७० ची ग्रिनिचची मध्यरात्र. हे ८:०० ला सुरू होत होतं. म्हणजे लाइन गेल्यावर वेळेसोबत टाइम झोनही पुसला जातो आणि कॅमेरा चीनच्या वेळेवर जातो. हे मी ग्राहक सेवेला फोटोसकट लिहिलं. तीनदा एकच उत्तर आलं, अ‍ॅपमध्ये टाइम झोन निवडा. बसवणारा मुलगा म्हणाला, "ताई, लाइव्ह दिसून राहिलं ना, मग काऊन टेन्शन घेता?" शेवटी कंपनीने वॉरंटीत कॅमेरा बदलून दिला, त्याला एकोणीस दिवस लागले, आणि नव्यातही तेच.

मग कॉम्प्युटरच्या ब्राउझरवरून कॅमेऱ्याचं पान उघडलं. अ‍ॅपमध्ये नसलेलं सेटिंग तिथे सापडलं. कॅमेरा सुरू होताना एकदाच एनटीपी सर्व्हरला (नेटवरून अचूक वेळ सांगणाऱ्या कॉम्प्युटरला) वेळ विचारतो आणि पुन्हा १,४४० मिनिटांनी, म्हणजे अख्ख्या दिवसाने. आमचा राउटर सुरू व्हायला तीन मिनिटं घेतो, कॅमेरा एक. त्यामुळे पहिली विचारणा दर वेळी वाया जायची. मी १,४४० चे दहा केले आणि सर्व्हर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाकला, कारण भारतीय प्रमाण वेळ तीच सांभाळते. ऑगस्टमध्ये मी इथपर्यंत लिहिलं असतं तर प्रश्न सुटला असंच लिहिलं असतं.

सप्टेंबरमध्ये सिमेंट रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली. दोन दिवस नेट नाही, त्यात लाइन गेली, आणि परत १९७०.

जुन्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करून बघितलं, पण तो ६० वॅट खातो, महिन्याला ४३ युनिट. बंद केला. सीताबर्डीत एक सेकंडहँड एनव्हीआर मिळाला, एक टीबीच्या डिस्कसह. दोन एमबीपीएसने दीड महिना बसतो. एनव्हीआरचं घड्याळ स्वतःचं असतं आणि कॅमेऱ्याला वेळ तोच देतो, नेट असो वा नसो. घरी आणून लावला तर त्याचंही घड्याळ मागे पडलेलं. चार स्क्रू काढले. हिरव्या पाटीवर रुपयाएवढा सेल, त्यावर २०३२ लिहिलेलं, कडेला पांढरी बुरशी. चाळीस रुपयांचा नवा घातला, टाइम झोन साडेपाच केला.

त्या चाळीस रुपयांत माझं काम झालं, आणि त्याचा आनंद मला कॅमेऱ्यापेक्षा जास्त झाला. हाच एवढासा भाग कंपनीने कॅमेऱ्यात का घातला नाही, याचं उत्तर मी अजून मागते आहे. माझी तक्रार त्यांनी दोनदा बंद केली आणि मी दोनदा परत उघडली. घेणार असाल तर चित्रासाठी जरूर घ्या, पण एनव्हीआर सोबत धरूनच हिशेब करा. पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याची वायर अर्धा तास काढून ठेवा आणि परत लावल्यावर चित्रावरची तारीख वाचा.

मागच्या मंगळवारी दुपारी लाइन गेली होती. संध्याकाळी घरी येऊन पट्टी बघितली. १४:२२ ला तुटलेली, १५:०४ ला पुन्हा सुरू, तारीख त्याच दिवसाची. सुरू झाल्यावरच्या पहिल्या चित्रात बाबा गेटची कडी लावत आहेत.