निवळशंख पाण्यातून ‘घाण’ काढून दाखवणारी पूड

आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे या प्रकरणातील चूक मुख्यतः माझीच आहे, हे आधीच मान्य करतो. जलशुद्धीची पूड विकणारा एक प्रतिनिधी आला आणि त्याने टेबलावर दोन पेले ठेवले. एकात आमच्या नळाचे निवळशंख पाणी, दुसऱ्यात त्याने सोबत आणलेल्या बाटलीतले. दोन्हींत चिमूटभर पूड टाकून तो चमचा सावकाश फिरवत राहिला. काही मिनिटांत नळाच्या पाण्यात पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले आणि हळूहळू तळाशी बसले; बाटलीतले पाणी मात्र होते तसेच राहिले. “हे सगळे रोज तुमच्या पोटात जाते,” असे तो म्हणाला, आणि मी एकही प्रश्न न विचारता वर्षभराच्या पुडीचे पैसे आगाऊ मोजले.

ते पुंजके आमच्या पाण्यातले नव्हतेच, पुडीतूनच तयार झाले होते. ती पूड म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रांत वापरतात ती साधी तुरटी, अर्थात अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, असे पुढे प्रयोगशाळेने सांगितले. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट या क्षाराशी तिची प्रक्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका तयार होतो. गढूळ पाण्यातले मातीचे सूक्ष्म कण त्यात अडकून खाली बसतात, पण पाणी स्वच्छ असले तरी साका होतोच. बाटलीतल्या पाण्यातले क्षार आधीच काढलेले असल्यामुळे तिथे तो धरला नाही. मी नंतर तशाच पाण्यात थोडा खाण्याचा सोडा विरघळवून तीच पूड टाकली, तेव्हा तेच पांढरे पुंजके डोळ्यांदेखत तयार झाले. ही सोड्याची चिमूट त्या दिवशी त्याच्यासमोरच टाकायला हवी होती.

त्याने दिलेले प्रमाण १००० लिटरला ५० ग्रॅम असे होते, पाणी कसेही असो, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती. तुरटीचे प्रमाण पाण्याच्या गढूळपणावर आणि सामूवर, म्हणजे ते किती आम्ल वा अल्क आहे यावर, अवलंबून असते, म्हणूनच केंद्रांत निरनिराळ्या मात्रा घातलेली भांडी शेजारी शेजारी ढवळून ते ठरवतात. आमच्या पाण्यात बसवण्यासारखा गाळच नव्हता. दोन महिन्यांत पाण्याला तुरट चव आली, नळांच्या जाळ्यांवर पांढरा बुळबुळीत थर साचला, आणि तपासणीत अ‍ॅल्युमिनियम लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या वर निघाले. लहान केंद्रांनाही याहून अधिक राहू न देणे शक्य असते, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. क्षार कमी होतील हे आश्वासनही पोकळच होते, कारण तुरटी विरघळलेले मीठ काढत नाही, उलट सल्फेटची भर घालते.

पैशांपेक्षा मला अधिक लागले ते वेगळेच. ही पूड जंतूही मारते, यावर विश्वास ठेवून आम्ही क्लोरीन घालणे थांबवले होते. साक्याबरोबर काही जंतू खाली बसतात हे खरे, परंतु उरलेल्यांना मारणारे आणि नळापर्यंत पाण्याची राखण करणारे त्या पाण्यात काहीच नव्हते. सुदैवाने कोणी आजारी पडले नाही.

तक्रार करायची म्हणून पावती काढली, तर तिच्यावर फक्त ‘जलशुद्धी पूड’ एवढेच लिहिलेले होते. घटक, त्यांचे प्रमाण, उत्पादकाचा पत्ता, यांपैकी पिशवीवरही काही नव्हते, आणि पैसे देण्यापूर्वी ती उलटून पाहण्याचे मला सुचले नव्हते.