ई-यंत्र रोबोटिक्स कॉम्पिटिशन: इंजिनिअरिंगला असाल तर टीम करून भराच

ज्युनिअर्स सारखे विचारतात, रोबोटिक्स शिकायचंय तर कुठला क्लास लावू. क्लास कशाला, आयआयटी बॉम्बेची ई-यंत्रची स्पर्धा आहे ना, 2012 पासून चालू आहे, शिक्षण मंत्रालयाच्या पैशातून सुरू झालेली, चार जणांची टीम करायची आणि भरायचं. म्हणायला स्पर्धा, पण खरं तर हा प्रॅक्टिकल कोर्सच आहे, आणि मला चार वर्षांत मिळालेलं सगळ्यात भारी शिक्षण हेच.

टीमला एक थीम मिळते, शेती, गोदाम, ड्रोन असं काहीतरी. आधी सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं, मग टास्कमागून टास्क, प्रत्येकाला डेडलाईन, कोड आणि व्हिडिओ अपलोड. सुरुवात बहुतेक सिम्युलेशनवर (कॉम्प्युटरमधल्या आभासी रोबोटवर) होते, पुढे गेलेल्या टीमना बऱ्याच थीममध्ये हार्डवेअर किट मिळतं आणि फायनल पवईला, आयआयटी बॉम्बेत.

खरी मजा हार्डवेअरला आहे. सिम्युलेशनमध्ये रोबोट लाईनवर मस्त पळतो, पीआयडीच्या (रोबोट लाईनवरून किती सरकला ते बघून त्याला सतत सावरणाऱ्या कंट्रोलच्या) व्हॅल्यू सेट झाल्या की झालं, पण तोच कोड खऱ्या रोबोटवर टाकला की तो वळणावर डुलायला लागतो, कारण दोन मोटर कधीच सारख्या फिरत नाहीत, बॅटरी उतरली की स्पीड बदलतो, आणि सकाळी खिडकीतून ऊन आलं की लाईन सेन्सरचं रीडिंगच वेगळं येतं. मग कळतं की नुसतं कोडिंग येऊन भागत नाही, मेकॅनिकलवाल्याने चाकं सरळ बसवलीत का, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने मोटरचा आणि कंट्रोलरचा पॉवर सप्लाय नीट वेगळा केलाय का, सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. आमच्यात मोटर फिरली की कंट्रोलर रीसेट व्हायचा, कोडवाला कोड तपासत बसलेला आणि प्रॉब्लेम निघाला व्होल्टेज पडण्याचा, तो सापडला मल्टिमीटर घेऊन बसलेल्या मैत्रिणीला. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये तयार किटच्या वायरी जोडून सर्टिफिकेट मिळतं, हे नाही मिळत.

वेळ मात्र खूप जातो. टास्क आणि सेमिस्टरची परीक्षा एकत्र येतात, आणि आमच्या कॉलेजची लॅब तर पाचला बंद, मग अरीना (रोबोट ज्यावर चालतो ते मैदान) हॉस्टेलच्या रूममध्ये पसरून काम करावं लागायचं. म्हणून टीम निवडताना टॉपर बघू नका, रात्री भेटता येईल असे, वेगवेगळ्या ब्रँचचे आणि मधेच न सोडणारे बघा. एक जण गळला की उरलेल्या तिघांवर सगळं येतं.

आरओएसची (रोबोट प्रोग्रॅम करायच्या सॉफ्टवेअरची) थीम मिळाली तर उबंटू लिनक्स ड्युअल बूट करा, म्हणजे विंडोजच्या शेजारी वेगळं इन्स्टॉल करा, विंडोजच्या आतच व्हर्च्युअल मशीनवर चालवलं तर गॅझेबो हा सिम्युलेटर रडतखडत चालतो. रॅम 8 जीबी असेल तर जमतं, 16 असेल तर उत्तम.