फारोची स्वप्ने: जालन्यातील एक अभ्यासवर्ग

जालन्यातील एका चर्चच्या सायंकालीन वर्गात बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या 41 व्या अध्यायाचे विवेचन ऐकले आणि ते मनापासून भावले. फारोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, स्वप्नात सात रोड गायी सात धष्टपुष्ट गायींना गिळतात, तरीही त्यांची पोटे खपाटीलाच राहतात; दुष्काळ सुकाळाची आठवणसुद्धा पुसून टाकतो, हा त्या प्रतिमेचा अर्थ शिक्षकांनी 1972 च्या दुष्काळाचा दाखला देत उलगडला, तेव्हा मागच्या बाकावरील आजी तेव्हा वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या आठवणी सांगू लागल्या. दुसऱ्या स्वप्नातील पूर्वेच्या वाऱ्याने करपलेली कणसे तर आमच्या रानातलीच वाटली. मात्र पिकाचा पाचवा हिस्सा साठवण्याच्या, स्वप्नांचा अर्थ सांगणाऱ्या योसेफाच्या सल्ल्याला, म्हणजे आपल्याकडील पेवांशी थेट जुळणाऱ्या भागाला, फारच थोडा वेळ मिळाला. छापील टिपणे सुवाच्य असून प्रवेश विनामूल्य आहे.