बी.एड.ची शालेय आंतरवासिता : कॉलेजआधी सराव शाळा बघा

बी.एड.ला प्रवेश घेताना फी विचारली जाते, घरापासूनचं अंतर विचारलं जातं, मागचे निकालही. आंतरवासितेला, म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावाला, कोणती शाळा मिळणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरं तर दोन वर्षांत उपयोगाचं जे काही हाती लागतं, ते बरंचसं तिथेच. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीप्रमाणे २० आठवडे शाळेत काढायचे असतात : पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. कॉलेजच्या तासांना ८० टक्के हजेरी पुरते, आंतरवासितेला ९० लागते.

शाळेत पाऊल टाकण्याआधी सूक्ष्म अध्यापन असतं, म्हणजे सहाध्यायांसमोर छोटे सराव पाठ. त्याचं चक्र ३६ मिनिटांचं : ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), १२ पुनर्नियोजन, मग ६ मिनिटं तोच पाठ नव्याने आणि ६ पुन्हा प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. प्रश्न विचारणं, फलकलेखन, चेतक बदल (लक्ष टिकवायला आवाज, हालचाल बदलणं) वगैरे. योजना उत्तम. पण घाईच्या दिवसांत पहिली कात्री लागते ती त्या १२ मिनिटांना, आणि दुसरा पाठ म्हणजे पहिल्याचीच नक्कल होते. शिवाय समोर विद्यार्थी म्हणून बसलेले सहाध्यायी शहाण्यासारखी बरोबर उत्तरं देतात. चुकलेल्या उत्तराचं काय करायचं, याचा सराव होतच नाही.

हे उघडं पडतं खऱ्या वर्गात. सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज. टाचणात, म्हणजे आधी लिहून काढलेल्या पाठाच्या आराखड्यात, लिहिलेलं असतं : ‘१/२ + १/३ किती? विद्यार्थी ५/६ असे उत्तर देतील.’ पहिला हात वर होतो तो २/५ सांगायला. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. टाचणात यावर एक ओळ नसते. छात्राध्यापक, म्हणजे शिकवायला आलेला बी.एड.चा विद्यार्थी, ‘चूक, बस खाली’ म्हणून पुढे सरकतो आणि अर्धा वर्ग मनात २/५ धरूनच बसतो. चांगला मार्गदर्शक शिक्षक हे टाचण आदल्या दिवशीच परत करतो : ‘२/५ हे तर १/२ पेक्षाही कमी. बेरीज करून उत्तर घटलं कसं, हे कागदाच्या पट्टीवर दाखवणार का?’ असा एक शिक्षक मिळाला तर १६ आठवडे सार्थकी लागले म्हणायचे.

टाचणाबद्दल आणखी एक. ४० मिनिटांचा तास असला तरी वर्ग स्थिरस्थावर होणं, हजेरी, शेवटचा गृहपाठ यांत १० मिनिटं सहज जातात. चार उद्दिष्टं लिहिलेलं टाचण कॉलेजात देखणं दिसतं, वर्गात दोनच उरकतात. मूल्यमापनाचे प्रश्न घंटेखाली चिरडले जातात.

वेळापत्रक ही दुसरी दुखरी जागा. प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिल्या वर्षाचे ४ आठवडे नेमके स्नेहसंमेलन आणि सराव परीक्षांच्या दिवसांत येतात. पाठ घ्यायला वर्गच मिळत नाही. काही शाळा तर छात्राध्यापकांना ऑफ तास भरायला वापरतात. विषय गणित, तास चित्रकलेचा, आणि मागे निरीक्षणाला कुणी नाही. असा तास आंतरवासितेत धरू नये, पण धरला जातो.

कॉलेज पारखायची सोपी युक्ती : दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याची निरीक्षण वही, म्हणजे त्याच्या पाठांवरच्या शेऱ्यांची वही, बघायला मागा. पानोपानी ‘आवाज स्पष्ट, फलकलेखन सुवाच्य’ असेल, तर सह्या एकगठ्ठा झाल्या असं खुशाल समजा. ‘तिसऱ्या प्रश्नानंतर मागच्या बाकांकडे लक्ष नव्हतं’ असा शेरा दिसला, तर कुणीतरी तासभर मागे बसलं होतं. आवारातच सराव शाळा असणं सोयीचं, मात्र तिथल्या मुलांना दरवर्षी नवे सर-मॅडम बघायची सवय झालेली असते. ती फार लवकर सांभाळून घेतात. एक टप्पा बाहेरच्या, शक्यतो जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत मिळत असेल तर तो मागून घ्या.

पाच तारे मिळवण्याजोगी ही रचना बहुतेक ठिकाणी तीनवर अडकते. आणि ज्यांना पहिली ते पाचवीलाच शिकवायचं आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये : ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्राथमिकच्या नेमणुकीला बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) लागतं.